रिपोर्ट नॉर्मल, मग माझं डोकं का चालत नाही?

आदरणीय डॉक्टर,

वय 36. सहा वर्षांपूर्वी ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराचं, निदान झालं. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅशला आहे. सांधे, चेहऱ्यावरचे चट्टे आता बरेच आटोक्यात आहेत. मागच्या महिन्यातले रक्ता-लघवीचे रिपोर्टही चांगले आले. पण डोक्याचं काय झालंय कळत नाही. परवा 4,500 चा भरणा 5,400 लिहिला. किर्द जुळेना म्हणून सगळा स्टाफ रात्री आठपर्यंत बसला. पिग्मी एजंट समोर उभा असतो, रोजचा माणूस, आणि त्याचं नाव आठवत नाही. घरी दूध उतू जातं. एकदा सासूबाईंना म्हटलं, "ते द्या ना... ते पीठ गाळायचं..." चाळणी हा शब्द काही आलाच नाही. त्या म्हणतात, सिरियलमधलं सगळं बरं लक्षात राहतं! मिस्टर म्हणतात, या गोळ्यांनीच मेंदू बधिर झालाय, महिनाभर बंद करून बघ. माझ्या आजीला शेवटी शेवटी कुणीच ओळखू येत नव्हतं. माझंही तसंच होणार का? नोकरी सोडू का?

झोप नीट लागत नाही. रात्री जेवणानंतर स्टिरॉइडची 10 ची गोळी आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेते, अंग दुखतं म्हणून झोपताना एक लहान गोळी असते आणि खाज सुटली की मेडिकलमधून ॲलर्जीची आणते. (चौथ्या महिन्यात एकदा मूल गेलं, त्याला आठ वर्षं झाली. त्याचा याच्याशी संबंध नसावा.) सासूबाई ब्राह्मीचं तेल आणि गुळवेलाचा काढा घे म्हणतात. घेऊ का?

— तुमच्या लेकीच्या वयाची एक

लेकीच्या वयाची म्हणतेस, तर अगं-तुगंच करते.

तुझं मूळ पत्र चार पानी आहे, इथे जागेपुरतं छोटं केलंय. त्या चार पानांत तू स्वतःच्या चुका तारीखवार लिहिल्या आहेस. कुठल्या दिवशी दूध गेलं, कुठल्या दिवशी कुलूप लावलं की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत आलीस, सगळं. आजीच्या आजारात माणसाकडून असं पत्र लिहून होत नाही. तिथे चुका आधी घरच्यांना दिसतात आणि माणूस म्हणतो, मला काही झालेलं नाही. तुझ्याकडे उलटं आहे. शिवाय चाळणी हा शब्द तुला थोड्या वेळाने आंघोळ करताना आठवला, असंही तू लिहिलंयस. म्हणजे शब्द आत आहे, फक्त वेळेवर हाताला लागत नाही. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण ल्युपसमधला हा त्रास सहसा वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, कधी कमी होतो, कधी आजार उसळला की वाढतो. आजीसारखं एकाच दिशेने उतरत जाणं हा त्याचा नेहमीचा स्वभाव नाही.

आणि हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत. इंग्रजीत रुग्ण याला 'ल्युपस फॉग' म्हणतात, डोक्यात धुकं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने 1999 मध्ये ल्युपसमुळे मेंदू आणि मज्जातंतूंना होणाऱ्या 19 प्रकारच्या त्रासांची यादी केली, त्यात विचार आणि स्मरणातला हा बिघाड स्वतंत्र नोंदवला आहे. किती जणांना होतो? कोणती चाचणी लावली त्यावर उत्तर बदलतं, शंभरातल्या वीसपासून ऐंशीपर्यंत आकडे सापडतात. एवढी तफावत असली की आकड्यावर फार विसंबू नये, पण दुर्मीळ नक्कीच नाही.

मग रिपोर्ट नॉर्मल कसे? लहानपणी पुस्तकात लांडगा आला रे आला ही गोष्ट होती. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगाच, आणि इथे तो खरंच आलेला असतो, पण बाकीच्यांना दिसत नाही. डीएनए अँटिबॉडी (स्वतःच्याच शरीरावर उलटलेली संरक्षक प्रथिनं), सी-3 आणि सी-4 ही रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं, लघवीतली प्रथिनं हे सगळं मुख्यतः आजार किती भडकलाय आणि मूत्रपिंड कसं आहे ते सांगतं. लक्ष किती टिकतं, शब्द किती वेळात सापडतो, हे मोजणारी रक्ताची तपासणी नाही. या त्रासात मेंदूचा एमआरआयसुद्धा पुष्कळदा स्वच्छ येतो. त्यामुळे "रिपोर्ट चांगले आहेत" हे वाक्य खरं असतं आणि तुझी तक्रारही खरी असते.

आता तुझ्याच कामातलं उदाहरण घेऊ. व्हाउचर टेबलावर आलंच नाही, तर खतावणीत नोंद कुठून होणार? आणि नोंद नाही म्हणून खतावणी लिहिणाऱ्याला बोल लावून काय उपयोग? ल्युपसमध्ये बहुतेक वेळा खतावणी शाबूत असते, गडबड व्हाउचरच्या खिडकीवर असते. म्हणजे लक्ष देणं, एका वेळी दोन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, पटकन उरकणं, नेमका शब्द काढणं. 4,500 चं 5,400 झालं तेव्हा तू आकडा विसरली नव्हतीस. तो हातात असताना मागून कुणीतरी पासबुक पुढे केलं असणार, फोन वाजला असणार. आकडा धड आत शिरलाच नाही.

सासूबाईंना हेच सांग. सिरियलची गोष्ट तीन-तीनदा दाखवतात, संगीत लावून दाखवतात, आणि ती बघताना दुसरं काही करायचं नसतं. ती लक्षात राहणारच. गॅसवर दूध ठेवून 'चार मिनिटांनी उठायचंय' हे मनात धरून भाजी चिरणं वेगळं आणि फार अवघड आहे. पुढे करायच्या गोष्टीची आठवण ठेवणं आधी ढासळतं, धडधाकट माणसाचंसुद्धा. माझ्या घरचं दूध गेल्या रविवारीच गेलं, आणि मला ल्युपस नाही.

हे होतं कशाने, याचं एकच एक उत्तर नाही. आजारातली दाह निर्माण करणारी रसायनं मेंदूच्या कामात खोडा घालतात. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चाळणी असते (सापडली बघ!), ती ढिली झाली की काही अँटिबॉडी आत जाऊन पेशींना त्रास देतात. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असू शकते. पण याच धुक्यात साधे चोरही लपतात. रक्त कमी, थायरॉइड, बी-12, रात्रीची झोप, उदासी, दुखणं, आणि गोळ्या. ल्युपसचा दाह आटोक्यात आणायला डॉक्टर लागतात, पण यातले निम्मे चोर तुझ्या पत्रातच मला दिसले.

पहिला चोर रात्री जेवणानंतरची स्टिरॉइडची गोळी. हे स्टिरॉइड, बहुधा प्रेडनिसोलोन, दिवसातून एकदाच असेल तर ती गोळी सहसा सकाळी नाश्त्यानंतर देतात. रात्री घेतली की डोकं ताजंतवानं होतं आणि माणूस छताकडे बघत पडतो. तुला कुणी रात्री घ्यायला सांगितलीय की 'जेवणानंतर' याचा अर्थ तूच रात्रीचं जेवण असा लावलास? डॉक्टरांना फोन करून विचार. ही एक गोष्ट बदलली आणि झोप सुधारली, तर पंधरा दिवसांत फरक जाणवू शकतो. त्याच वेळी हेही विचार, की रिपोर्ट चांगले आहेत तर 10 वरून खाली येता येईल का. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कायमचा डोस 5 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावा आणि जमेल तेव्हा बंदही करावा असं म्हटलंय. पण हे ठरवणार तुझे डॉक्टर, हळूहळू पायऱ्यांनी.

दुसरा चोर झोपताना घ्यायची ती लहान गोळी. तिचं नाव तू लिहिलं नाहीस, बहुधा तुला माहीत नसावं. पाकिटाच्या मागे बघ. दुखण्यासाठी आणि झोपेसाठी आपल्याकडे सर्रास ॲमिट्रिप्टिलिन देतात. ते चुकीचं नाही, पण काहींना त्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड राहतं, तोंड कोरडं पडतं, शब्द अडतात. आणि त्यावर तू मेडिकलवाल्याकडून ॲलर्जीची गोळी घेतेस. जुन्या प्रकारच्या ॲलर्जीच्या गोळ्या, त्या पिवळ्या-पांढऱ्या, रुपयाला मिळायच्या त्या, नेमकं तेच करतात. दोन्ही मिळून दुप्पट धुकं. आजच्या आज सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाल आणि पुढच्या भेटीला ती पिशवीच टेबलावर ठेव. मेडिकलची, होमिओपॅथीची, शेजारणीने दिलेली, सगळी.

मिस्टरांचं म्हणणं इथवर अर्धं बरोबर आहे. त्यांना तसं सांग, खूश होतील. उरलेलं अर्धं मात्र धोक्याचं आहे. सहा वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाने ते एकदम सोडलं तर शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते, ती लगेच उठत नाही. उलट्या, रक्तदाब कोसळणं, थेट अतिदक्षता विभाग. आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हा तर ल्युपसच्या घराचा वासा आहे. आजार उसळू देत नाही, गुठळ्यांचा धोकाही कमी करतो. वजनाच्या किलोमागे रोज 5 मिलिग्रॅमच्या आत डोस ठेवायचा आणि डोळ्यांचा पडदा वेळेवर तपासायचा: सुरुवातीला एकदा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. तुला सहा झाली. तपासलायस?

आता कंसातल्या त्या वाक्याकडे येते. तू ते कंसात लिहिलंस, त्यामुळे मी दोनदा वाचलं. चौथ्या महिन्यात मूल गेलं. निदानाच्या दोन वर्षं आधी. बाई गं, त्याचा संबंध असू शकतो. काही जणांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड नावाच्या अँटिबॉडी असतात. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 मध्ये त्यांच्यामुळे होणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. या अँटिबॉडींनी रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, दहाव्या आठवड्यानंतर गर्भ जाऊ शकतो, आणि ल्युपसच्या ज्या रुग्णांमध्ये त्या टिकून राहतात त्यांच्यात स्मरण-लक्षाचा त्रासही जास्त आढळतो. तपासण्या तीन असतात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि बीटा-2 ग्लायकोप्रोटीन. पहिल्याचं नाव फसवं आहे, ऐकलं तर रक्त पातळ करणारं वाटतं, शरीरात उलट करतं. एकदा पॉझिटिव्ह आल्या तर बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात. कदाचित सहा वर्षांपूर्वी केल्याही असतील, जुनी फाइल उघड. नसतील तर डॉक्टरांना हे वाक्य कंसाबाहेर काढून सांग. आल्याच, तर ॲस्पिरिन वगैरे द्यायचं का ते तेच ठरवतील, आणि इस्ट्रोजेन असलेल्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्या तुझ्यासाठी वर्ज्य होतील. ते मूल तुझ्या हातून काही चुकलं म्हणून गेलं नाही, हेही लिहून ठेवते. कुणी सांगितलं नसेल तर.

बाकीच्या तपासण्या साध्या. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-12, साखर (स्टिरॉइडने चढते), ड जीवनसत्त्व. थायरॉइडचा आजार ल्युपसबरोबर पुष्कळदा येतो, आणि घरात शाकाहार असेल तर बी-12 हमखास बघायचं. या साध्या गोष्टींवर मी एवढा जोर का देते ते सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे ल्युपसची एक शिक्षिका यायची. वर्गाची हजेरी घेताना मुलांची नावं गळतात, म्हणाली. मी म्हटलं, "टेन्शन घेऊ नका," आणि टॉनिक लिहून दिलं. पुन्हा आली तेव्हा तिने नोकरी सोडली होती. तेव्हा कुठे मी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 7 होतं. ते चढलं, नावंही परतली. नोकरी परतली नाही. तेव्हापासून मी "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य रुग्णाला म्हणत नाही.

म्हणून तुझ्या 'सोडू का'ला माझं उत्तर: आत्ता नाही. तीन-चार महिने दे. तेवढ्यात गोळ्यांची वेळ बदलू दे, रक्ताचे रिपोर्ट येऊ देत. पण कॅशच्या खिडकीवर तशीच लपतछपत बसूही नकोस. मॅनेजरना स्वतःहून भेट. पूर्ण रामायण सांगायची गरज नाही. "माझ्या आजाराच्या औषधपाण्याचे बदल चालू आहेत, काही महिने एका वेळी दोन कामं हाती घेतली की चूक होते, मला कर्जाच्या फायली किंवा सकाळची खिडकी द्या," एवढं पुरे. चूक सापडल्यावर सांगितलं तर सबब वाटते, आधी सांगितलं तर जबाबदारी वाटते. खिडकीवरच राहावं लागलं तर भरणा मोजताना आकडा मोठ्याने म्हण, अगदी ग्राहकाला ऐकू जाईल असा: "चार हजार पाचशे." तो मान हलवेल, तेव्हाच लिही. त्याची मान म्हणजे तुझी दुसरी तपासणी. आणि टॅली संध्याकाळी एकदाच न करता दुपारी एकला एक अर्धी टॅली मार. चूक झाली तरी तीन तासांच्या व्हाउचरमध्ये शोधावी लागेल, दिवसभराच्या नाही. रात्री आठपर्यंत कुणी अडकणार नाही.

घरी शिट्टीचं दुधाचं भांडं आण, आपल्या आयांकडे असायचं ते, दुहेरी भिंतीचं, बाजूने पाणी घालायचं. दूध त्यात उतू जात नाही. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी घे, कारण स्टिरॉइड घेतलं की नाही हे न आठवून दोनदा घेणं किंवा चुकवणं, दोन्ही वाईट. किल्ली, चष्मा, फोन यांना एकच जागा. वही ठेव, पण एकच. माझ्या एका रुग्णाने पाच वह्या केल्या आणि कुठल्या वहीत काय लिहिलं ते विसरायला लागली. अवघड काम सकाळी, डोकं ज्या वेळी उघडं असतं तेव्हा. थकल्यावर हिशेब नाही. रोज वीस-तीस मिनिटं चाल, मात्र उन्ह उतरल्यावर, उन्हाने तुझा आजार भडकतो हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

एवढं करूनही अडत राहिलं तर रीतसर तपासणी करून घे. डॉक्टरांच्या खोलीत दहा मिनिटांत होणाऱ्या 30 गुणांच्या चाचण्या असतात, पण हिशेबात मुरलेली बाई त्यात 28 गुण मिळवून बाहेर पडते आणि सगळे म्हणतात, ठीक आहे की! तू ठीक नसतानाही. क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्टकडची तपासणी तासाभराची किंवा जास्तही असते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने भारतीय लोकांसाठी तयार केलेला चाचण्यांचा संच वापरात आहे, त्यात तुझी तुलना तुझ्या वयाच्या, शिक्षणाच्या माणसांशी होते. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात चौकशी कर. उदासीबद्दलही तिथे मोकळेपणाने बोल. चार पानांत तू एकदाही 'रडू येतं' असं लिहिलं नाहीस, पण तिसऱ्या पानावरची शाई पसरलेली आहे.

स्मरणशक्तीची गोळी मात्र मागू नकोस. अल्झायमरसाठी वापरतात ते मेमँटिन ल्युपसच्या रुग्णांवर वापरून बघितलं गेलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

एक गोष्ट पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबवायची नाही. अचानक बरळणं, माणसं-जागा न कळणं, फिट येणं, चेहऱ्याची किंवा हातापायाची एक बाजू लुळी पडणं, बोलणं एकदम बंद होणं, तापासोबत प्रचंड डोकेदुखी आणि मान आखडणं, नसलेले आवाज ऐकू येणं. यातलं काहीही झालं तर ते धुकं नव्हे. रात्री दोन वाजता असलं तरी दवाखाना. हा परिच्छेद मिस्टरांना वाचायला दे, कारण त्या वेळी तू वाचण्याच्या स्थितीत नसशील.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. काढा नको. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून घेतात, आणि तुझी प्रतिकारशक्ती आधीच घरच्यांवर काठी उगारून बसलीय, तिला आणखी जोर कशाला? कोविडच्या काळात काढे पिऊन यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे. तुझं यकृत आधीच गोळ्यांचं ओझं वाहतंय. डोक्याला ब्राह्मीचं तेल लावायला मात्र माझी हरकत नाही. धुकं त्याने जाणार नाही, पण शनिवारी रात्री ते सासूबाईंकडूनच लावून घे. पाठमोरी बसलेली असशील, टीव्ही बंद ठेव, आणि व्हाउचर-खतावणीची गोष्ट त्यांना तेव्हा सांग.